पाय काढायचं ठरलं होतं, तेव्हा: डॉ. चार्ल्स डॉटर यांची गोष्ट

तुमच्या घरात कुणाच्या पायाची अँजिओप्लास्टी ठरली असेल, तर डॉक्टरांनी बहुधा रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक चित्र काढून दाखवलं असेल. जांघेत एक टोचणी, तिथून आत सरकणारी तार, तारेवरून जाणारा फुगा आणि शेवटी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट. ब्लॉकेज लांब आहे, आतून सोनोग्राफी करून स्टेंटचं माप ठरवू, असंही सांगितलं असेल. हे ऐकताना बहुतेकांना वाटतं की हे तंत्र आधी हृदयासाठी निघालं आणि मग पायाकडे आलं. झालं ते उलट. हृदयाच्या रक्तवाहिनीची पहिली अँजिओप्लास्टी १९७७ मध्ये झाली. पायाची झाली १९६४ मध्ये, १३ वर्षं आधी. ती करणारे डॉक्टर सर्जन नव्हते आणि हृदयरोगतज्ज्ञही नव्हते. ते एक्स-रे विभागातले रेडिओलॉजिस्ट होते. त्यांचं नाव चार्ल्स डॉटर.

त्यांची गोष्ट इथे सविस्तर सांगतो आहे, कारण पाय काढावा लागेल हे वाक्य ऐकून सुन्न झालेली कुटुंबं आमच्या ओपीडीत नेहमी येतात. डॉटर यांची पहिली रुग्ण त्याच वाक्यापाशी येऊन थांबलेली होती.

तेव्हा काय उपाय होते

आधी आजार समजून घ्या. पोटातून खाली येणारी मोठी रक्तवाहिनी बेंबीच्या आसपास दोन भागांत विभागते आणि एकेक फांदी एकेका पायात जाते. जांघेपासून गुडघ्यापर्यंत मांडीतून जी जाते ती पायाची मुख्य वाहिनी. वर्षानुवर्षांची तंबाखू, मधुमेह, वाढलेलं ब्लड प्रेशर आणि कोलेस्टेरॉल यांमुळे तिच्या भिंतीत चरबी आणि चुना साचत जातो. सुरुवातीला त्रास फक्त चालताना होतो. घाटकोपर स्टेशनचा जिना चढताना पोटरी दगडासारखी होते, दोन मिनिटं थांबलं की सुटते. अनेक जण याला वय झालं म्हणतात, कुणी सायटिका म्हणून कमरेचा एमआरआय करून येतो. पुढच्या टप्प्यात रात्री झोपल्यावर पाऊल ठणकतं आणि पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवला की बरं वाटतं. त्याच्याही पुढे साधी जखम भरत नाही, बोट काळं पडतं.

१९४० च्या दशकात या आजारावर फार काही नव्हतं, अगदी राजालासुद्धा. जुन्या रुपयाच्या नाण्यावर ज्यांचा चेहरा तुमच्या आजीने पाहिला असेल, ते सहावे जॉर्ज अट्टल सिगारेट ओढणारे होते. त्यांच्या पायाचा रक्तपुरवठा इतका घटला की पाय जाण्याची भीती निर्माण झाली. १९४९ च्या मार्चमध्ये बकिंगहॅम राजवाड्यातच शस्त्रक्रियेची खोली उभारून सर्जन जेम्स लिअरमंथ यांनी त्यांच्या कमरेजवळची नस कापली. नस कापल्याने बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि थोडं जास्त रक्त वाहतं. मूळ ब्लॉकेज होतं तिथेच राहतं. त्याच सुमाराला, १९४८ मध्ये, पॅरिसमध्ये जाँ क्यूनलँ यांनी रुग्णाच्याच पायातली शीर वापरून ब्लॉकेजला वळसा घालणारी बायपास केली होती. ती मोठी शस्त्रक्रिया होती. म्हातारी, अशक्त, हृदय कमजोर असलेली माणसं ती सोसू शकत नसत. त्यांच्यासाठी उरायचं पाय कापणं.

यंत्रं उघडून पाहणारा मुलगा

चार्ल्स थिओडोर डॉटर यांचा जन्म १४ जून १९२० रोजी अमेरिकेत बॉस्टनला झाला. बालपण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर गेलं. यंत्र दिसलं की ते आत कसं चालतं हे पाहायचा त्यांना नाद होता, आणि तो आयुष्यभर सुटला नाही. ड्यूक विद्यापीठातून पदवी आणि १९४४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरकी. त्याच वर्षी पामेला बीटी या परिचारिकेशी लग्न. पुढे न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये रेडिओलॉजीचं शिक्षण.

त्या काळातला रेडिओलॉजिस्ट म्हणजे अंधाऱ्या खोलीत फिल्म पाहून रिपोर्ट लिहिणारा माणूस. डॉटर यांना तेवढ्यावर थांबणं जमेना. रक्तवाहिनीत रंगाचं औषध सोडून तिची सावली एक्स-रेवर पकडायची, ज्याला आपण अँजिओग्राफी म्हणतो, ते तंत्र तेव्हा नुकतं रुजत होतं आणि त्यांनी त्यात स्वतःला झोकून दिलं. १९५२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते पश्चिम किनाऱ्यावर पोर्टलंडच्या ओरेगन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रेडिओलॉजीचे विभागप्रमुख झाले. इतक्या लहान वयात एवढ्या विभागाची जबाबदारी मिळणं दुर्मीळ होतं. त्या खुर्चीवर ते मरेपर्यंत, ३३ वर्षं राहिले.

तिथे त्यांनी जे साहित्य वापरलं त्याची यादी वाचली तर आजच्या रुग्णालयातला स्टोअरकीपर चक्रावून जाईल. गिटारच्या तारा. गाडीच्या स्पीडोमीटरची केबल. बाजारात मिळणारी टेफ्लॉनची नळी. यांतून ते रक्तवाहिनीत घालायच्या तारा आणि नळ्या, म्हणजे कॅथेटर, स्वतःच्या हाताने बनवत. १९६३ मध्ये शिकागोला रेडिओलॉजिस्टांच्या अधिवेशनात बिल कुक नावाचा एक तरुण उद्योजक छोटा स्टॉल लावून बसला होता. त्याच्याकडे नळ्या तापवून आकार द्यायचा दिवा होता. डॉटर तो दिवा आणि नळ्या मागून हॉटेलच्या खोलीवर घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी तयार कॅथेटर घेऊन आले. ते स्टॉलवर विकलेही गेले. कुक यांची कंपनी पुढे या क्षेत्रातली फार मोठी कंपनी झाली. आज कॅथलॅबमध्ये सीलबंद पाकिटातून जी तार निघते, तिचं मूळ अशा खटपटीत आहे.

स्वभाव नाटकी होता, हेही सांगायला हवं. एका व्याख्यानाला ते स्वतःच्या हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत कॅथेटर घालून आले आणि बोलता बोलता पडद्यावर आपल्याच हृदयातले दाब दाखवू लागले. असं वागणाऱ्या माणसाबद्दल सहकाऱ्यांचं मत काय झालं असेल याचा अंदाज तुम्ही करू शकता. त्यांना वेडा चार्ली म्हणायचे. मला विचाराल तर हा नाटकीपणा त्यांच्या कामाला मारक ठरला. लोकांनी माणसाकडे पाहिलं आणि कामाकडे उशिरा पाहिलं.

चुकून उघडलेली वाहिनी

१९६३ साली एका रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीची तपासणी करायची होती. डॉटर यांनी जांघेतून कॅथेटर वर सरकवला. तो पोटात पोहोचला, फोटो निघाले. फोटो पाहताना लक्षात आलं की ज्या वाटेने कॅथेटर गेला, ती ओटीपोटातली वाहिनी आधीच बंद होती. कॅथेटर ब्लॉकेज भेदून गेला होता आणि वाट मोकळी झाली होती.

दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने सुटकेचा निःश्वास टाकला असता आणि विषय सोडला असता. डॉटर यांच्या डोक्यात ते घर करून बसलं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हारी इथल्या परिषदेत त्यांनी मांडलं की कॅथेटर फक्त निदानापुरता ठेवायचं कारण नाही, त्याने उपचारही करता येतील, आणि काही ठिकाणी सुरीची जागा तो घेईल. पुढच्या काळात ते आपल्या कामाची तुलना नळदुरुस्तीशी करत. पाइप आणि पाना हे चित्रच त्यांनी आपली खूण करून टाकलं होतं.

१६ जानेवारी १९६४

पोर्टलंडच्या त्या रुग्णालयात ८२ वर्षांच्या एक आजी दाखल होत्या. डाव्या पावलावर जखम, बोटांना गँगरीन, असह्य वेदना. पाय काढायला हवा यावर डॉक्टरांचं एकमत होतं. आजींनी साफ नकार दिला. सर्जन विल्यम क्रिपेन यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. त्यांनी डॉटर यांना विचारलं, तुमच्या नळ्यांनी काही होतंय का बघा.

अँजिओग्राफीत दिसलं की मांडीतल्या मुख्य वाहिनीत एका छोट्या टप्प्यात ती जवळपास बुजली आहे. डॉटर आणि त्यांचे सहकारी मेल्विन जडकिन्स यांनी जांघेत भूल देऊन तार आत घातली, अरुंद जागेतून पलीकडे नेली. तारेवरून एक बारीक टोकदार टेफ्लॉनची नळी, तिच्यावरून आणखी जाड नळी. फुगा तेव्हा नव्हता. पाचर ठोकावी तशी वाट रुंद केली आणि नळ्या काढून घेतल्या.

काही मिनिटांत पाऊल गरम झालं, त्यावर लाली आली. आठवड्याभरात वेदना गेल्या. काळी पडलेली बोटं गळाली आणि जखम भरली. पुढच्या तपासण्यांत वाहिनी उघडीच दिसली. आजी जवळपास तीन वर्षांनी वेगळ्या आजाराने गेल्या. तोवर त्या स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत होत्या.

काळाचा अंदाज यावा म्हणून: परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं ते १९६८ च्या फेब्रुवारीत. डॉटर यांची नळी त्याच्या चार वर्षं आधीची.

या प्रसंगातली एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. पाय काढायचा निर्णय झाला होता, पण त्याआधी रक्तवाहिनीचा नकाशा काढला गेला, म्हणूनच ब्लॉकेज किती आणि कुठे ते कळलं. आजही हाच क्रम हवा. पायाच्या जखमेसाठी बोट किंवा पाऊल काढायचं म्हणत असतील, तर तुम्ही शांतपणे विचारा: रक्तपुरवठा तपासला का? घोट्याचा आणि दंडाचा दाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ते ०.९० किंवा त्याहून कमी असेल तर पायाच्या वाहिन्यांचा आजार आहे असं धरतात. मधुमेहात वाहिन्या चुन्याने कडक होतात आणि हा आकडा फसवा, उगाच चांगला येऊ शकतो. तेव्हा अंगठ्याचा दाब, डॉप्लर आणि गरज पडल्यास सीटी अँजिओ करतात. जंतुसंसर्ग अंगात पसरत असेल, ताप चढत असेल, तर जीव वाचवण्यासाठी ताबडतोब कापावं लागतं आणि तिथे वेळ घालवू नये. पण एरवी रक्त पोहोचवल्याशिवाय बोट कापलं, तर ती जखमही भरत नाही आणि मग कापण्याची पातळी वर वर सरकत जाते.

सर्जन मंडळींची नाराजी

१९६४ च्या नोव्हेंबरमध्ये डॉटर आणि जडकिन्स यांनी सर्क्युलेशन या नियतकालिकात ९ रुग्णांच्या ११ पायांचा अहवाल छापला. सगळे पाय वाचले असं त्यात नव्हतं. काही वाचले, काहींना उपयोग झाला नाही, आणि त्यांनी ते तसंच लिहिलं.

अमेरिकेतल्या सर्जन मंडळींना हे मुळीच आवडलं नाही. एक्स-रेवाल्याने रुग्णावर उपचार करायचे हीच कल्पना त्यांना मान्य नव्हती. एका सर्जनने अँजिओग्राफीसाठी रुग्ण पाठवताना चिठ्ठीवर स्पष्ट बजावलं की फोटो काढा, दुरुस्तीच्या फंदात पडू नका. लाइफ या साप्ताहिकाने त्यांच्यावर छायाचित्रांसह लेख छापला, पण त्या छायाचित्रांत डॉटर असे दिसत होते की वेडा चार्ली हे नाव आणखी पक्कं झालं.

युरोपात मात्र जर्मनीच्या एबरहार्ड त्साइटलर यांनी ही पद्धत उचलली आणि तिकडे या उपचारालाच डॉटरिंग असं नाव पडलं. त्यांच्याकडून ती झुरिकच्या आंद्रेआस ग्रुएन्त्सिग या तरुण डॉक्टरपर्यंत पोहोचली. जाड नळी घुसवण्याऐवजी बारीक नळीवर लांबट फुगा बसवायचा, आत नेऊन फुगवायचा, ही त्यांची सुधारणा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी असे फुगे बनवले. १९७४ मध्ये पायात वापरले, १९७७ मध्ये हृदयात. त्यानंतर अमेरिकेला आपल्याच माणसाची आठवण झाली. १९७८ मध्ये नोबेल पारितोषिकासाठी डॉटर यांचं नाव सुचवलं गेलं. ते मिळालं नाही.

लांब ब्लॉकेजपाशी अडलेली गाडी

डॉटर यांची पद्धत छोट्या अरुंद जागांवर चांगली चालायची. लांबलचक बंद वाहिनीत मात्र ती हार खायची. याची कारणं आजही तीच आहेत, म्हणून ती समजून घ्या.

मांडीतली वाहिनी शरीरात सर्वांत छळली जाणारी. तुम्ही मांडी घालून बसता, जिना चढता, लोकलमध्ये उभे राहता, प्रत्येक वेळी ती वाकते, पिळवटते, आखूड होते. २० सेंटिमीटरहून लांब ब्लॉकेज म्हणजे जवळपास अख्खी मांडी, आणि आम्ही ते कठीण प्रकारात धरतो. इतक्या लांब बंद जागेतून तार नेताना ती मूळ पोकळीतून न जाता भिंतीच्या थरांमधून जाऊ शकते. फुगवल्यावर भिंत चिरते, स्प्रिंगसारखी परत आकसते. आणि काही महिन्यांत आतून नवी पेशींची वाढ होऊन वाट पुन्हा बुजते.

आकसणाऱ्या भिंतीला आतून टेकू द्यायचा, हा विचारही डॉटर यांचाच. १९६९ मध्ये त्यांनी कुत्र्यांच्या पायातल्या वाहिन्यांत प्रयोग केले. प्लॅस्टिकच्या नळ्या घातल्या तर लगेच गुठळी होऊन बंद पडायच्या. स्टेनलेस स्टीलच्या तारेचं स्प्रिंग घातलं तर काही वाहिन्या दोन वर्षांहून अधिक काळ उघड्या राहिल्या. हा स्टेंटचा पूर्वज. तो विषय मग बरीच वर्षं तसाच राहिला. १९८३ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांनी सहकाऱ्यांसह निटिनॉल या निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूचं स्प्रिंग वापरून पाहिलं. हा धातू आपला आकार लक्षात ठेवतो. थंड असताना सरळ करून नळीतून आत न्यायचा, शरीराच्या आत ऊब मिळाली की तो पुन्हा गोल होतो. आज मांडीत बसवतात ते बहुतेक स्टेंट याच धातूचे असतात, आणि आपोआप उघडतात. गाडीचा टायर पुढे गेला तरी पुन्हा उभं राहणारं रबरी कुंपण पाहिलं असेल, तसा हा धातू दबला तरी परत येतो. तरीही गुडघ्याच्या वाकण्याने स्टेंटची जाळी तुटू शकते, म्हणून गुडघ्याच्या मागच्या भागात आम्ही स्टेंट शक्यतो टाळतो.

सावली आणि आतलं चित्र

डॉटर यांच्यापुढे आणखी एक भिंत होती आणि ती त्यांना ओलांडता आली नाही. अँजिओग्राफी ही सावली आहे. रंगाचं औषध जिथून वाहतं तेवढी पोकळी दिसते, भिंत दिसत नाही. खिडकीच्या पडद्यावर माणसाची सावली पाहून त्याच्या शर्टाचं माप घेण्यासारखं ते काम.

रक्तवाहिनीच्या आत जाणारी सोनोग्राफी १९८० च्या दशकाच्या अखेरीस माणसांवर वापरात आली. तिला आयव्हस म्हणतात. पोटाच्या सोनोग्राफीत बाहेरून फिरवतात तोच प्रकार, फक्त यंत्र कॅथेटरच्या टोकावर बसवण्याइतकं लहान. तारेवरून ते आत नेतात आणि हळूहळू मागे ओढत येतात. प्रत्येक ठिकाणी वाहिनीचा गोल काप पडद्यावर दिसतो. त्यातून चार प्रश्नांची उत्तरं मिळतात: वाहिनीचा खरा व्यास किती, चुना कुठे आणि किती, तार पोकळीत आहे की भिंतीत शिरली आहे, आणि स्टेंट बसवल्यावर तो पूर्ण उघडला का. लांब ब्लॉकेजमध्ये हे फार कामाला येतं, कारण सगळी मांडी आजारी असते आणि निरोगी भाग नक्की कुठे सुरू होतो हे सावलीवरून ठरवणं अवघड असतं. स्टेंट लहान मापाचा निघाला तर लवकर बंद पडायचा धोका, मोठा निघाला तर भिंतीला इजा. रंगाचं औषध कमी लागतं हा आणखी एक फायदा, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असलेल्या मधुमेही रुग्णांना.

फायदा खरोखर होतो का? २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या २३७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या मांडीतल्या वाहिनीवर औषध लावलेल्या फुग्याने उपचार केले. आयव्हस वापरलेल्या गटात वर्षानंतर सुमारे ८४ टक्के रुग्णांची वाहिनी मोकळी होती, फक्त एक्स-रेवर अवलंबून केलेल्या गटात सुमारे ७० टक्के. आयव्हसच्या कॅथेटरचा खर्च वेगळा येतो. तो पॅकेजमध्ये धरला आहे का, विमा किंवा सरकारी योजना तो देते का, हे दाखल होण्यापूर्वी बिलिंग काउंटरवर किंवा योजनेच्या आरोग्यमित्राकडे विचारून घ्या. प्रक्रियेच्या टेबलावर हा प्रश्न आला की नातेवाइकांची फार तारांबळ उडते.

आणि स्टेंट हाच सर्वांसाठी उत्तम उपाय, असंही समजू नका. स्वतःच्या पायाची चांगली शीर उपलब्ध असेल आणि रुग्ण शस्त्रक्रिया सोसणारा असेल, तर बायपास अधिक टिकते असं २०२२ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासात, गुडघ्याखालच्या ब्लॉकेजमध्ये, आधी अँजिओप्लास्टी केलेले रुग्ण सरस ठरले. म्हणजे निर्णय रुग्ण पाहूनच करावा लागतो. फक्त चालताना पोटरी दुखत असेल, जखम नसेल, तर बहुतेकांना आधी स्टेंटची गरजच नसते. तंबाखू पूर्ण बंद, कोलेस्टेरॉलची आणि रक्त गोठू न देणारी गोळी, आणि आठवड्यातून निदान तीनदा ३० ते ४५ मिनिटं चालणं: दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी चालणारे आमचे काही रुग्ण तीन महिन्यांनी दुप्पट अंतर जातात. चाळिशीच्या आतल्या बिडी ओढणाऱ्या पुरुषांना होणारा बर्गर आजार हा मात्र वेगळा प्रकार आहे. तिथे स्टेंट सहसा चालत नाहीत, बिडी सुटली तरच पाय राहतो. मिश्रीही तंबाखूच आहे, हे घरातल्या बायकांना कुणी सांगत नाही.

डोंगर आणि शेवटची वर्षं

डॉटर यांना गिर्यारोहणाचं वेड होतं. मुख्य भूमीवरच्या अमेरिकेतली १४,००० फुटांहून उंच अशी ६७ शिखरं त्यांनी सर केली. स्वित्झर्लंडचं मॅटरहॉर्नही चढले. यातला बराच काळ त्यांच्या अंगात हॉजकिन्स नावाचा लसिकाग्रंथींचा कर्करोग होता. त्यांनी रेडिएशन घेतलं, आजार उलटला, पुन्हा उपचार घेतले. मधल्या काळात ते विभाग चालवत होते, पक्षी पाहत होते, छायाचित्रं काढत होते आणि डोंगर चढत होते.

पुढे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजारही जडला. ज्या माणसाने सुरीला पर्याय शोधला, त्याला स्वतःला छाती उघडून हृदयाची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी, ६४ व्या वर्षी, पोर्टलंडमध्ये त्यांचं निधन झालं. पहिल्या प्रक्रियेत सोबत असलेले जडकिन्स काही आठवडे आधी गेले होते. त्याच ऑक्टोबरमध्ये ग्रुएन्त्सिग विमान अपघातात गेले. एका वर्षात तिघे. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, युरोपात हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिला स्टेंट बसला. डॉटर यांच्या नावाची संस्था पोर्टलंडमध्ये १९९० मध्ये उभी राहिली. चेकोस्लोव्हाकियातून येऊन त्यांच्या विभागात रुजलेले योसेफ रोश तिचे पहिले संचालक झाले.

आता तुमच्या रुग्णाकडे. स्टेंट बसवून घरी आल्यावर दिलेल्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. दात काढायचा असला तरी आधी आम्हाला विचारा. डॉप्लरची पुढची तारीख फाइलवर लिहून घ्या, कारण वाहिनी पुन्हा अरुंद होणं पहिल्या वर्षात जास्त दिसतं आणि पूर्ण बंद होण्यापूर्वी पकडलं तर उपाय सोपा असतो. रोज रात्री दोन्ही पावलं हाताने चाचपून पाहा. तळवा आणि बोटांच्या बेचक्या पाहायला आरसा किंवा घरातलं कुणीतरी लागतं. एक पाऊल अचानक गार, फिकट, बधिर पडलं, बोटं हलेनाशी झाली, तर शेक देत किंवा मालिश करत घरी थांबू नका. सकाळची वाट न पाहता रक्तवाहिन्यांवर उपचार होतात अशा मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात या. हातात तासच असतात. येताना जुनी अँजिओची सीडी आणि स्टेंटचं कार्ड सोबत आणा. त्या कार्डावर स्टेंटची लांबी आणि व्यास लिहिलेला असतो, आणि रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरला सर्वांत आधी तेच लागतं.